जागा आहे, वजन नाही

"शुक्रवारी दुपारी मी माऊनला, आणि वामे माझ्या कडेवर! आता हत्ती आडवा आला तरी यात बदल नाही!"

असं ओनालेन्नाने मोपोरोता सफारी कॅम्पच्या स्वयंपाकघरात चारचौघांत जाहीर केलं, तेव्हा सोमवार होता. शहाणी बाई असती तर तिने निदान हत्तीचं नाव तरी घेतलं नसतं. पण ओनालेन्ना त्या दिवशी शहाणपणाच्या पलीकडे पोचली होती. तीन महिन्यांनी रजा मिळालेल्या आईला शहाणपण शिकवायला जाऊ नये. ती तुमचंच खरं करते, आणि मग स्वतःला हवं तेच करते.

ओनालेन्नाकडे कॅम्पच्या तंबूंची देखरेख होती. तंबू म्हणायचे आपले! आत पितळी नळांचा बाथटब, पलंगावर सहा सहा उशा, आणि बाहेर फळ्यांच्या ओट्यावर एक छोटा तलाव. त्या तलावातलं पाणी पाहुण्यांपेक्षा हत्तीच जास्त वापरायचे. तीन महिने सलग काम आणि मग एक महिना घरी, असा इथला शिरस्ता. मूल सोबत आणायचं नाही, हाही शिरस्ताच. त्यामुळे लेक वामे माऊन गावात आजीजवळ. मूल झालं की इकडे आईचं नाव मागे पडतं आणि मुलाचं पुढे येतं. ओनालेन्नाला अख्खा कॅम्प 'म्मा-वामे', म्हणजे वामेची आई, म्हणूनच हाक मारायचा. दिवसातून पन्नास वेळा लेकीचं नाव कानावर पडायचं, आणि लेक मात्र नव्वद दिवसांत एकदाही हाताला लागली नव्हती.

त्यात रविवारी आईचा फोन आला.

"अगं, पोरगी आज उभी राहिली! पाण्याच्या पिंपाला धरून!"

"आई!"

"आज-उद्या पाऊल टाकतेय बघ."

"टाकू देऊ नकोस!"

"काय?"

"शुक्रवारपर्यंत थांबव तिला."

"थांबव? पोर आहे ती, गाढवगाडी नव्हे, लगाम ओढला की थांबायला!"

"आई, तिचा पहिला दात मी फोटोत बघितला. तिचं पहिलं खळखळून हसू फोनवर ऐकलं, तेही तू म्हणालीस म्हणून कळलं, मला आपली खरखरच ऐकू आली. पहिलं पाऊल तरी मला बघू दे गं."

पलीकडे आई खाकरली.

"बरं. पाठीला बांधून ठेवते. शुक्रवारपर्यंत तिचे पाय जमिनीला लागू देत नाही. पण शुक्रवार म्हणजे शुक्रवार हं! माझी पाठ काही सरकारी नाही!"

अशा रीतीने एका पाठीवर सगळं येऊन ठेपलं. जुलैचा महिना, चहूकडे पुराचं पाणी चढलेलं, कॅम्पचं बेट झालेलं. जायचं तर विमानानेच. विमान म्हणजे तरी काय, पंख लावलेली जीपच ती! पाहुणे बसून एखादी जागा उरली, तर त्यात रजेवरचा माणूस.

सोमवारी दुपारी माऊनच्या ऑफिसातून रेडिओ बोलला. तिथल्या बाईंचा आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा होता.

"मोपोरोता, शुक्रवारच्या विमानाचं ऐका. म्मा-वामेसाठी जागा आहे. ओव्हर."

"बघितलंत!" ओनालेन्नाने सगळ्यांकडे वळून बघितलं.

"जागा आहे, पण वजन नाही. ओव्हर."

ओनालेन्नाचा हात हवेतच राहिला.

प्रकार असा होता. दुसऱ्या एका कॅम्पवरून तीन पाहुणे कॅमेऱ्यांच्या पेट्या घेऊन चढणार होते. मोपोरोताहून ब्रुन नवरा-बायको, इथले त्या आठवड्यातले दोघंच पाहुणे. त्यांनी अर्जात लिहिल्याप्रमाणे, बॅगांसकट, ब्रुनसाहेब एकशे पाच किलो, ब्रुनबाई अठ्ठावन्न. सगळं मिळवून विमानात फक्त बहात्तर किलो उरत होते.

"बहात्तर, बॅगेसकट. कोणाचंही एक किलो वर गेलं, तर स्टाफचा माणूस खाली. ओव्हर."

"मी अडुसष्ट, बॅग चार! बरोब्बर बहात्तर! ओव्हर!"

"अडुसष्ट कधी मोजलंस? ओव्हर."

"इकडे आले तेव्हा. माझं वजन म्हणजे वारूळ आहे म्मा, वर्षानुवर्षं तेवढंच. ओव्हर!"

रेडिओत थोडी खरखर झाली.

"वारूळ वाढतं, म्मा-वामे. ओव्हर अँड आऊट."

याकडे ओनालेन्नाने लक्ष दिलं नाही. माणसं मोजायचा काटा कॅम्पवर नव्हताच. सुट्टीवर आलेल्या श्रीमंत माणसाच्या नजरेला काटा पडू नये, असा मालकांचा नियम होता. काटा यायचा तो थेट पायलटबरोबर.

मंगळवारी सकाळी ब्रुन मंडळी सिंह बघायला गेली, आणि ओनालेन्ना त्यांचा पलंग आवरायला आत शिरली. खुर्चीवर ब्रुनसाहेबांचा पट्टा पडला होता. तिने तो सहज उचलला, आणि भोकं मोजली. शनिवारी, म्हणजे आले त्या दिवशी, पट्ट्याची खूण तिसऱ्या भोकापाशी होती. आता ती चौथ्याशी होती! आणि पाचव्या भोकाच्या कडाही जराशा उचकटलेल्या, येऊ घातलेल्या पाहुण्याची वाट बघत असल्यासारख्या!

यात ब्रुनसाहेबांचा काय दोष? कॅम्पचं वेळापत्रकच तसं होतं. पहाटे चहाबरोबर खुसखुशीत टोस्ट, जंगलात गाडीच्या बॉनेटवर न्याहारी, परतल्यावर दुसरी न्याहारी, तीन वाजता चहा आणि केक, सूर्य बुडताना तळणीचे प्रकार, मग पाच पदार्थांचं जेवण. मधल्या वेळात प्राणी. त्यातून ब्रुनसाहेब जातीचे बेकरीवाले! डेन्मार्कातल्या एका गावात चाळीस वर्षं भट्टीसमोर काढून निवृत्त झालेले. समोर केक आला की ते दुसऱ्या गवयाचं गाणं ऐकायला बसल्यासारखे डोळे मिटून घ्यायचे.

आणि तो केक करणारा आचारी ओतेंग मामा! त्याच्या हाताला स्वर्गाची चव आणि मन म्हणजे काचेची वाटी. मागे एका पाहुण्याने सूप अर्धं ठेवलं, तर मामा तीन दिवस कोणाशी बोलला नव्हता. ताट परत आलं की तो आधी ताट बघायचा, मग कचऱ्याच्या पिंपाचं झाकण उघडून बघायचा, आणि मग तुमच्याकडे बघायचा.

ओनालेन्नाने बेत आखला. शुक्रवारपर्यंत ब्रुनसाहेबांच्या तोंडी केक जाता कामा नये. अवघड ते काय?

तीन वाजता ती तंबूपाशी गेली, आणि चहा आज जरा उशिरा आहे म्हणाली. मग ती पाहुण्यांचा चहा मांडतात त्या मोठ्या ओट्यावर गेली. तिथे मधाचा केक, स्कोन नावाचे सहा गुबगुबीत पाव आणि लोण्याची वाटी वाट बघत होती. हे सगळं आता जायचं कुठे? परत स्वयंपाकघरात नेलं तर मामा मुका होणार. पिंपात टाकलं तर मामा बघणार. जंगलात टाकलं तर नोकरी जाणार, कारण एकदा एका बबून माकडाला एक बिस्कीट मिळालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस बबून नाश्त्याला हजर होते!

मार्ग एकच उरला. आईच्या मनाने तिने तो पत्करला. उभ्या उभ्या, घाईघाईत, मुळीच आनंद न घेता. स्कोन जरा सावकाश गेले, पण ते लोण्यामुळे.

"अरे वा!" ओतेंग मामाने चकचकीत बशी उजेडात धरून बघितली. "दर्दी माणूस हो! उद्या चॉकलेटचा करतो. मोठा!"

बुधवारी सकाळी ओनालेन्नाच्या गणवेशाच्या स्कर्टचं बटण लागेना. ती तडक धोबीघरात गेली.

"म्मा-पुला, कपडे उकळतेस की काय? स्कर्ट आटला बघ!"

म्मा-पुलाने इस्त्री बाजूला ठेवली आणि तिला वरपासून खालपर्यंत प्रेमाने न्याहाळलं. "स्कर्टाचं जाऊ दे गं. तू काय छान भरली आहेस! आई ओळखायची नाही तुला!"

आता इकडे बाई अंगाने भरली, तर सासरमाहेर दोन्ही सुखाची असं मानतात. ओनालेन्ना लाजली, खूश झाली, आणि बटणाच्या जागी सेफ्टी पिन लावून कामाला लागली. एवढी धडधडीत सूचना मिळाली होती! पण स्तुतीत गुंडाळलेली सूचना कोणाला कधी कळली आहे?

तीन वाजता ती पुन्हा तंबूपाशी. चहा उशिराचं निमित्त एकदा वापरून झालं होतं. तिने आवाज खाली आणला.

"साहेब, बाहेर पडू नका. वाटेवर हत्ती आहे."

हत्ती असला की पाहुण्यांनी आतच थांबायचं, हा कायदाच. हे तिला मोठं कौशल्याचं वाटलं. पण ब्रुनसाहेब आनंदाने उडालेच! त्यांनी तंबूतला रेडिओ उचलला आणि गाईडला, म्हणजे तिरोला, बोलावलं. फोटो हवा होता ना! तिरो बंदूक घेऊन धावत आला. वाटेवरची वाळू त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"म्मा-वामे, कुठेय हत्ती?"

"आत्ताच गेला."

"कुठून गेला?"

"इथूनच."

"पाऊल कुठेय?"

ओनालेन्नानेही वाळूकडे बघितलं. वाळूवर तिचीच पावलं होती, जरा खोल उमटलेली.

"हलक्या पावलाचा होता," ती म्हणाली.

तिरो या पाण्यावर जन्मलेला, वाळवी कुठे वळली ते सांगणारा माणूस. त्याने तिच्याकडे बघितलं, वाळूकडे बघितलं, बंदूक खांद्याला अडकवली आणि निघून गेला. त्या गप्प पाठीची तिला लाज वाटली. पण केक ओट्यावर होता, आणि लाजत बसायला वेळ नव्हता. चॉकलेटचा आख्खा केक, बारा बिस्किटं आणि किटली ट्रेमध्ये घेऊन ती चादरींच्या कोठीत शिरली. एक तुकडा खाऊन उरलेला कुठेतरी लपवायचा, असा तिचा खरोखर विचार होता.

तेवढ्यात दारात अंधार झाला.

तिने वर बघितलं. दाराच्या चौकटीत राखाडी भिंत होती. भिंतीला शेपूट होतं!

ओनालेन्नाने कमरेचा रेडिओ काढला. आता इकडची रीत अशी, की प्राण जात असला तरी आधी विचारपूस करायची. तिला सोडून बोललं तर माणसाला जनावरांनी वाढवलं म्हणतात.

"दुमेला, तिरो. दुपार कशी गेली?"

"बरी गेली. तुझी कशी गेली?"

"बरी गेली. तिरो, कोठीच्या दारात हत्ती आहे."

"असं? हलक्या पावलाचा का?"

"नाही रे! हा खरा आहे!"

"आणि मघाचा?"

ओनालेन्नाने बटण सोडलं. तिरोनेही रेडिओ खाली ठेवला.

हत्ती दीड तास उभा होता. त्याने कोठीच्या कोपऱ्याला पाठ खाजवली, एक झोप काढली, आणि पोटातून असे आवाज काढले की खुंट्यांवरचे पंचे हलले. आत ओनालेन्ना चादरींच्या गठ्ठ्यावर मांडीत ट्रे घेऊन बसलेली. भीती वाटली की माणसाला काहीतरी चघळायला लागतं. कोणी सुपारी चघळतं, कोणी नखं. तिच्याजवळ चॉकलेट केक होता. हत्ती हलला तेव्हा ट्रेवर किटली उरली होती. रिकामी!

आणि तिकडे तंबूत? वाट बघून कंटाळलेल्या ब्रुनसाहेबांनी बॅगेतून स्वतःच्या देशाची बिस्किटांचा निळा डबा काढला आणि तळ दिसेपर्यंत फस्त केला.

गुरुवारी ओनालेन्नाने शेवटचा डाव टाकला. ती तिरोपाशी गेली, दोन्ही हात जोडून माफी मागितली, आणि वामेचं सगळं सांगून टाकलं. तिरोला स्वतःला दोन मुलं. तो विरघळला.

"मग मी काय करू?"

"पायी फिरव त्यांना. लांब. घाम येईपर्यंत."

तिरोने ब्रुन दांपत्याला चार तास फिरवलं. वाटेत त्याने त्यांना एका रानम्हशीचं शेण, एक मोडकं घरटं आणि तीच एक वळणाची वाट तीनदा दाखवली. परत आले तेव्हा ब्रुनसाहेबांचा चेहरा बीटरूटसारखा झाला होता, आणि भूक मगरीसारखी. ते तंबूकडे गेलेच नाहीत. तडक स्वयंपाकघरात शिरले.

"ओतेंग! मित्रा! तुला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?" मामा म्हणाला.

"मग दोन दिवस केक का नाही? सामान संपलंय का? हात दुखतोय का? सरक, आज मी करतो!"

ओतेंग मामाने लाटणं खाली ठेवलं. स्वयंपाकघरात एकदम शांतता पसरली. फ्रिजसुद्धा बंद पडला. तो तसा रोजच बंद पडायचा, पण त्या दिवशी मुद्दाम पडल्यासारखा वाटला.

"मधाचा केक मी केला. चॉकलेटचा मी केला. बशा चाटूनपुसून परत आल्या. साहेब, तुम्ही नाही खाल्लेत?"

"मी तर पाहिलेसुद्धा नाहीत!"

"मग खाल्ले कोणी?"

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. दारात ओनालेन्ना उभी होती. तिच्या कॉलरवर कालच्या चॉकलेटचा डाग होता.

मग काय, सगळंच बाहेर आलं. विमान, बहात्तर किलो, पट्ट्याचं भोक, आजीची पाठ, सगळं. शेवटी ती दोघांकडे वळली. "मामा, मला शिव्या द्या. साहेब, तक्रार करा माझी. पण ती पिंपाला धरून उभी राहते हो! एकदा हात सुटला की सुटला. ते पाऊल काही पुन्हा पहिलं होत नाही."

ब्रुनसाहेबांच्या मागे ब्रुनबाई आल्या होत्या. किडकिडीत, चष्मेवाल्या, इतक्या दिवसांत फारशा न बोललेल्या. त्या आता खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"पोरी, तेहेतीस वर्षं मी याच्यापासून केक लपवतेय. कपाटात, छपरावर, एकदा तर पियानोत! तू एकटीने दोन दिवस जमवलंस? मला आधी सांगायचंस, दोघींनी मिळून केलं असतं!"

"लिस्बेत, पियानोत तूच ठेवला होतास?" ब्रुनसाहेबांनी दुखावल्या आवाजात विचारलं. मग त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लढाईवर निघालेल्या माणसासारखे म्हणाले, "उद्या विमान येईपर्यंत माझ्या पोटात फक्त सूप जाईल. शब्द देतो! आणि ओतेंग, त्या बाळासाठी काय करायचं?"

"मग्विन्ये," मामा म्हणाला. त्याचा राग केव्हाच उतरला होता. मग्विन्ये म्हणजे तळलेले पिठाचे गोल गोळे, बाहेरून कुरकुरीत, आत कापसासारखे. इथलं मूल दात येण्याआधी त्यांना ओळखतं. दोन म्हातारे बल्लव खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पहिला घाणा निघाला.

"चव बघायला हवी," मामा म्हणाला. "मला डॉक्टरने तळलेलं बंद केलंय."

"मी शब्दात अडकलोय," ब्रुनसाहेबांनी आवंढा गिळला.

"मी नाही तळलेलं खात," ब्रुनबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी ओनालेन्नाकडे बघितलं. तिने चव बघितली. मीठ कमी होतं. दुसऱ्या घाण्याचीही बघितली, साखर जास्त होती. पाचव्या घाण्याला जमलं, पण खात्री करून घेतलेली बरी म्हणून सहाव्याचीही बघितली. तिरो कोपऱ्यात उभा राहून बोटांवर काहीतरी मोजत होता. पण घरंदाज माणूस. त्याने बोटं खिशात घातली.

शुक्रवार उजाडला. तिरोने धावपट्टीवरचे झेब्रे हाकलले, आणि विमान उतरलं. कॅप्टन टेफो काखेत काटा धरून खाली आला. हा एरवी फार गोड मुलगा, पण काटा जमिनीवर ठेवला की त्याचा चेहरा यमाच्या कारकुनासारखा व्हायचा.

ब्रुनबाई बॅग घेऊन चढल्या. अठ्ठावन्न.

ब्रुनसाहेब बॅग घेऊन चढले. त्यांनी डोळे मिटले, श्वास रोखला. ओतेंग मामा मुद्दाम निरोप द्यायला आला होता, त्यानेही रोखला.

"एकशे चार!" टेफो म्हणाला.

अर्जापेक्षा एक कमी! धावपट्टीवर असा जल्लोष झाला की हाकललेले झेब्रे आणखी लांब पळाले. मामाने ब्रुनसाहेबांना मिठी मारली. ओनालेन्नाने दोघांना मिठी मारली.

"चला, आता त्र्याहत्तर किलोंची सोय झाली," टेफो म्हणाला. "म्मा-वामे, या."

विजयी मुद्रेने, पाठीला बॅग लावून, ओनालेन्ना काट्यावर चढली.

टेफोने काट्याकडे बघितलं. मग त्याने काटा उचलून झटकला, सपाट जागा बघून पुन्हा ठेवला. "परत चढा."

ती परत चढली.

"एकोणऐंशी," टेफो हळूच म्हणाला.

"काटा बिघडलाय!"

"बिघडलेला नाही, म्मा."

"वाळवी लागलीय आत!"

"लोखंडाला?"

कोणी कोणाकडे बघेना. तिरो आकाशाकडे बघू लागला, म्मा-पुला आपल्या चपलेकडे. ओनालेन्ना काट्यावर तशीच उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोरून सगळी मिरवणूक गेली. मधाचा केक, सहा स्कोन, चॉकलेट केक, बारा बिस्किटं, सहा घाणे. आणि त्यांच्या मागे तीन महिन्यांची वेगळी मिरवणूक, ती तर मोजायचीच सोय नव्हती. चार दिवस ती दुसऱ्याच्या पट्ट्याची भोकं मोजत होती. स्वतःच्या कमरेची सेफ्टी पिन मात्र तिला दिसली नाही!

"सहा किलो कमी करायचे," टेफोने घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं."

ओनालेन्नाने खाली बसून बॅग उघडली. पायातले जाडजूड बूट काढले. बॅगेतले कपडे काढून म्मा-पुलाच्या हातात दिले. मग मग्विन्यांचा डबा काढला, आणि वजन कमी करायचंच तर असं, म्हणून एक तोंडात टाकला.

"म्मा-वामे!" टेफो कळवळून ओरडला. "तो डब्यात असो की पोटात, विमानाला तेवढाच!"

तिने डबा मुकाट्याने तिरोला दिला. पुन्हा काटा. शहात्तर. अजून तीन किलो!

आता काढण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ओनालेन्ना अनवाणी काट्यावरून उतरली. बॅगेच्या तळाशी दोन चिमुकले लाल बूट होते, ते तिने काढले आणि ब्रुनबाईंच्या हातात ठेवले.

"माऊनला बाहेर माझी आई असेल. पाठीवर बाळ बांधलेली. तिला हे द्या. आणि सांगा..." तिने नाक पुसलं. "सांगा, सोड आता खाली. चालू दे तिला."

मामाने तोंड फिरवलं. आणि तेवढ्यात ब्रुनसाहेब खोकले. एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा कालच्यापेक्षा लाल झाला होता. ते खाली बसले, आपली बॅग उघडली, आणि त्यातून पायजम्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक काढलं. पायजमा सोडला. आत कॅम्पला नाव देणाऱ्या मोपोरोताच्या झाडाचं फळ! हातभर लांब, दुधीसारखं, दगडासारखं जड!

"प्रेबेन!" ब्रुनबाई किंचाळल्या.

"आठवण म्हणून," ब्रुनसाहेब पुटपुटले. "झाडाखाली पडलं होतं गं. अगदी पावाच्या लांबट लादीसारखं दिसत होतं."

"हे तसंही नेता येत नाही," असं म्हणत टेफोने फळ काट्यावर ठेवलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा कारकून पहिल्यांदा हसला. "साडेतीन किलो! म्मा-वामे, चढा! आणि माऊन येईपर्यंत कोणी दीर्घ श्वास घेऊ नका!"

माऊनला दुपारचं ऊन पांढरं झालं होतं. फाटकाबाहेर आई उभी होती, कमरेत वाकलेली, पाठीवर चौकड्यांचं ब्लँकेट, आणि ब्लँकेटमधून बाहेर आलेलं एक गोल डोकं. ओनालेन्ना अनवाणी धावत सुटली.

"आलीस बाई एकदाची!" आई कण्हली. "घे! पाच दिवस जमिनीला टेकवली नाही. झोपलेसुद्धा बसून!" आणि तिने गाठ सोडून वामेला खाली उभं केलं.

वामे आजीचा घागरा धरून उभी राहिली. चार पावलांवर ओनालेन्ना गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पसरले.

"ये! वामे! ये माझ्याकडे!"

वामेने तिच्याकडे बघितलं. नीट, कपाळाला आठी घालून बघितलं. मग तोंड वळवून आजीच्या घागऱ्यात लपवलं.

ओनालेन्नाचे हात तसेच पसरलेले राहिले. नव्वद दिवस म्हणजे काय, ते तिला आत्ता कळलं. ते कोणत्याही काट्यावर दिसत नाही.

"लाजतेय गं," आई म्हणाली. "ओळखेल. दम धर."

ओनालेन्नाने डोळे पुसायला खिशात रुमाल शोधला. रुमालाच्या जागी काहीतरी मऊ, तेलकट लागलं. ती विमानात चढत असताना तिरोने खिशात कोंबला असणार. एकच मग्विन्या, जरा चपटा झालेला.

वामेचं डोकं घागऱ्यातून बाहेर आलं.

तिने आजीचा घागरा सोडला. एक पाऊल टाकलं. डुलली. आजीने श्वास रोखला. दुसरं टाकलं. मग तिसरं आणि चौथं एकदमच, आणि दोन्ही हातांनी मग्विन्या पकडून ती ओनालेन्नाच्या मांडीत धपकन बसली. पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मागे रेलून आईच्या पोटावर डोकं ठेवलं. पोट चांगलंच मऊ होतं. तिला ते आवडलेलं दिसलं.

आजीने कमरेवर हात ठेवून मायलेकींना एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोणावर गेली आहे," ती म्हणाली, "ते आता मला विचारू नका!"

ओनालेन्ना अजूनही ही गोष्ट सगळ्यांना सांगते. हत्ती, काटा, सेफ्टी पिन, काही म्हणजे काही लपवत नाही. फक्त शेवटी सांगते, की वामेने पहिलं पाऊल टाकलं ते आईकडे. आता आईच्या हातात काय होतं, एवढं बारीकसारीक कोण सांगत बसतं!